इनग्रेसची पाणीपाळी

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे कागदोपत्री ज्याचे नाव आता हे आहे आणि बोलण्यात ज्याला सगळे पूर्वीही नुसते ‘नगर’ म्हणत व आजही म्हणतात त्या जिल्ह्यात, धरणात पाणी असणे आणि शेतात पाणी येणे या दोन स्वतंत्र घटना मानल्या जातात, आणि या दोन घटनांमधील अंतराचा अभ्यास तेथील शेतकऱ्यांनी गेली शंभर वर्षे जितक्या बारकाईने केला आहे तितका कोणत्याही विद्यापीठाने केल्याचे दिसत नाही. संगणकाच्या जगाला हा भेद बराच उशिरा कळला. प्रोग्रॅम चालू असणे वेगळे आणि तो लोकांच्या मोबाइलवर उघडणे वेगळे, हे सत्य कुबरनेटीस नावाच्या व्यवस्थेने जगभरच्या अभियंत्यांना गेल्या दहा वर्षांत रात्री-अपरात्री जागवून शिकवले. पहिल्या अभ्यासक्षेत्राची परिभाषा दुसऱ्याला लावली तर दुसऱ्यातील बरीचशी गूढे उकलतात, आणि जी उकलत नाहीत ती पहिल्यातही कुणाला उकललेली नाहीत हे ध्यानात येऊन मनाला बरे वाटते. प्रस्तुत विवेचनाचा हेतू एवढाच आहे.

प्रथम पाण्याची वाट पाहू. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि त्याची साठवण सुमारे ११ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हे पाणी थेट कुणाच्याही उसाला जात नाही. ते नदीपात्रातून संगमनेर तालुक्यातील ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तेथे डाव्या व उजव्या कालव्यांत वळते, कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून मायनरमध्ये म्हणजे लहान चारीत, तेथून पोटचारीत आणि सरतेशेवटी शेतचारीतून वाफ्यात उतरते. प्रत्येक वळणावर पाणी अडवण्या-सोडण्याची काही ना काही सोय असते, प्रत्येक सोयीपाशी एक माणूस असतो, आणि प्रत्येक माणसाचे असे ठाम मत असते की आपल्याकडून पाणी सुटलेले आहे, अडले असेल तर ते खाली. खालच्याचे मत असते की वरूनच आलेले नाही. दोघेही बहुधा खरे बोलत असतात, आणि पाणी नेमके या दोन सत्यांच्या मध्ये कुठेतरी मुरत असते.

आता दुसरी वाट. कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्रॅम आणि त्याला चालण्यासाठी लागणारे सारे साहित्य यांचा एकत्र बांधलेला संच. असे शेकडो कंटेनर अनेक यंत्रांवर वाटून चालवण्याचे, पडलेले उचलण्याचे आणि कमी पडले तर वाढवण्याचे काम कुबरनेटीस करते. गूगलने ते २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले आणि त्याची पहिली पक्की आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली. एकत्र जोडलेल्या यंत्रांच्या समूहाला क्लस्टर, त्यातील प्रत्येक यंत्राला नोड आणि एक किंवा अधिक कंटेनर सामावणाऱ्या सर्वांत लहान घटकाला पॉड म्हणतात. पॉडला स्वतःचा पत्ता असतो, पण आयुष्याची खात्री नसते. तो केव्हाही मरतो, त्याच्या जागी दुसरा जन्मतो, आणि नवा पॉड नवा पत्ता घेऊन येतो. म्हणून त्यांच्यापुढे सर्व्हिस नावाचा एक कायमचा पत्ता ठेवलेला असतो, जो आलेले काम त्या घटकेला जिवंत असलेल्या पॉडकडे पाठवतो. ही रचना निर्दोष आहे. तिच्यात एकच उणीव आहे, ती म्हणजे सर्व्हिसचा हा पत्ता मुळात क्लस्टरच्या आतच चालतो. आडात भरपूर आहे, पण पोहरा आडाच्या बाहेर निघत नाही.

बाहेरच्या जगाला आत घेण्याचे जे मार्ग आहेत त्यांतील सर्वांत साधा नोडपोर्ट. यात प्रत्येक यंत्रावर ३०००० ते ३२७६७ या दरम्यानचा एक क्रमांक उघडला जातो, आणि ग्राहकाने संकेतस्थळाच्या नावापुढे तो पाच आकडी क्रमांक स्वतः टाइप करावा अशी अपेक्षा ठेवण्याचे धैर्य असेल तर हा मार्ग पुरेसा आहे. दुसरा मार्ग लोड बॅलन्सरचा. लोड बॅलन्सर ही क्लाउड कंपनीची, म्हणजे यंत्रे भाड्याने देणाऱ्या कंपनीची सेवा असून ती एका सार्वजनिक पत्त्यावर येणारी मागणी अनेक यंत्रांत वाटून देते. तिचा दोष असा की प्रत्येक सर्व्हिसला वेगळा लोड बॅलन्सर मागितला तर प्रत्येकाचे तासागणिक भाडे वेगळे लागते. एखाद्या साखर कारखान्याने ऊसनोंद, वजनपावती, ऊसबिल आणि सभासदांची यादी अशा चार सेवा उघडल्या, तर चार दरवाजे आणि चार भाडी. म्हणून तिसरा मार्ग निघाला, इनग्रेसचा: दरवाजा एकच, आणि आत आल्यावर संकेतस्थळाचे नाव व पुढील मार्ग पाहून ऊसनोंदवाल्याला एकीकडे आणि ऊसबिलवाल्याला दुसरीकडे वळवण्याचे लेखी नियम.

हे नियम लेखी असतात, या वाक्यातच पुढील सर्व दुःखाचे मूळ आहे. पाटपाण्याच्या व्यवस्थेत शेतकऱ्याला नमुना क्रमांक ७ भरावा लागतो. तो पाणीमागणीचा अर्ज असून त्यात गट क्रमांक, क्षेत्र, पीक वगैरे तपशील असतात, आणि मागची थकबाकी नसावी व शेतचारी साफ असावी अशा अटीही त्याच्यासोबत येतात. अर्ज भरल्याने चारीला पाणी येते असे नगर जिल्ह्यात शाळकरी पोरही मानत नाही. अर्ज घेणारा, पाळी लावणारा आणि प्रत्यक्ष दरवाजा फिरवणारा पाटकरी असावा लागतो, हे तेथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. अभियंते मात्र इनग्रेसची फाईल लिहितात, क्लस्टरला देतात, क्लस्टर ती स्वीकारल्याचे आदबीने कळवतो, आणि त्यानंतर काहीही होत नाही. इनग्रेस हा नुसता अर्ज आहे. तो वाचून त्याप्रमाणे वाट करून देणारा इनग्रेस कंट्रोलर नावाचा प्रोग्रॅम वेगळा बसवावा लागतो आणि मूळ कुबरनेटीससोबत तो आपोआप येत नाही. कंट्रोलर नसलेल्या क्लस्टरमध्ये इनग्रेस लिहिणे म्हणजे पाटकऱ्याची जागा रिक्त असलेल्या चारीवर नमुना सात भरणे होय. अर्जात चूक नसते, अर्ज फेटाळलाही जात नाही, फक्त तो कुणी वाचत नाही. त्यातही गंमत अशी की काही क्लस्टरांत दोन-दोन कंट्रोलर असतात. मग अर्ज कोणाच्या नावे आहे हे इनग्रेसक्लास नावाच्या रकान्यात लिहावे लागते, आणि तो रकाना कोरा सोडला तर कधी दोघेही तो अर्ज स्वतःचा समजतात आणि कधी दोघेही दुसऱ्याचा. यातील दुसरी शक्यता ज्याने कधी सरकारी कचेरी पाहिली आहे त्याला अधिक ओळखीची वाटेल.

कंट्रोलर बसला तरी तो स्वतः क्लस्टरच्या आत असतो, म्हणून त्याच्या पुढ्यात पुन्हा क्लाउडचा लोड बॅलन्सर आणून उभा करावा लागतो, आणि येथे पाणी एका खात्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरते. क्लस्टर म्हणतो, ‘लोड बॅलन्सर हवा.’ ही मागणी क्लाउड कंपनीच्या दारी नेण्यासाठी क्लाउड कंट्रोलर मॅनेजर नावाचा आणखी एक मध्यस्थ नेमलेला असतो. तो कंपनीकडे मागणी नोंदवतो, कंपनी लोड बॅलन्सर बांधते, त्याचा सार्वजनिक पत्ता परत येतो आणि क्लस्टरच्या तक्त्यात ‘बाह्य पत्ता’ या रकान्यात झळकतो. तोवर त्या रकान्यात एकच शब्द असतो: पेंडिंग. सारे सुरळीत असेल तर तो मिनिटा-दोन मिनिटांत जातो. क्लस्टर स्वतःच्या खोलीतल्या यंत्रांवर उभा असेल आणि क्लाउडशी बोलणारा मध्यस्थच नसेल, तर तो शब्द जन्मभर तेथेच राहतो, कारण मागणी ऐकणारेच कुणी नसते. अशा ठिकाणी मेटलएलबीसारखी वेगळी सोय स्वतः करून घ्यावी लागते.

पाच मिनिटे पेंडिंग दिसले की अस्वस्थ होऊन फाईल पुसून पुन्हा लिहिणाऱ्या तरुण अभियंत्याने निळवंड्याच्या कालव्यांचा इतिहास जरूर वाचावा. भंडारदऱ्याच्या खाली प्रवरेवरच असलेल्या या धरणाची कल्पना प्रथम १९७० मध्ये मांडली गेली, आणि त्याच्या ८५ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. तोवर प्रकल्पाचा खर्च सुमारे ५१७७ कोटी रुपयांवर गेला होता आणि नगरमधील सहा व नाशिकमधील एक अशा सात तालुक्यांतील १८२ गावांना लाभ व्हायचा होता. अर्ध्या शतकाहून अधिक काळ हा प्रदेश बाह्य पत्त्याच्या रकान्याकडे पाहत होता. या काळात तेथे दोन पिढ्या वाढल्या, निवडणुका झाल्या, आणि प्रत्येक निवडणुकीत तो रकाना लवकरच भरेल असे सांगितले गेले. ज्याच्या आजोबांनी कालव्याची वाट पाहिली, त्या घरातील मुलगा पुण्याच्या एखाद्या कंपनीत बसून लोड बॅलन्सरची वाट पाहत असेल तर त्याचा संयम कंपनीने वेगळा कौशल्यगुण म्हणून नोंदवायला हरकत नाही.

पेंडिंग का राहते याची कारणे मात्र लेखी स्वरूपात मिळत नाहीत, आणि मिळाली तरी ती भलत्याच रकान्यात असतात. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचे उदाहरण घेतले, ज्याचे मुंबई केंद्र २०१६ पासून चालू आहे, तर तेथे लोड बॅलन्सर कोणत्या सबनेटमध्ये, म्हणजे जाळ्याच्या कोणत्या तुकड्यात, उभा करायचा हे मागणी नेणारा मध्यस्थ कंट्रोलर त्या सबनेटवर लावलेल्या एका ठरावीक टॅगवरून ओळखतो, आणि त्या टॅगची किंमत १ लिहिलेली असावी अशी प्रथा आहे. तो टॅग नसेल आणि सबनेट हाताने लिहून दिले नसतील, तर मोकळी जमीन डोळ्यांपुढे असूनही कंट्रोलरला ती सापडत नाही. एकच सबनेट सापडले तरी साधारणतः भागत नाही. निरनिराळ्या इमारतसमूहांतील निदान दोन लागतात. शिवाय कंट्रोलरला लोड बॅलन्सर बांधण्याचा अधिकार देणारे वेगळे परवानगीपत्र असावे लागते, आणि त्यातील एक ओळ कमी असली तर तो आपली व्यथा स्वतःच्या नोंदवहीत लिहून ठेवतो, जी वाचण्याचे कुणाला तिसऱ्या दिवशी सुचते. या सर्वांवर कळस म्हणजे अ‍ॅनोटेशन, अर्थात इनग्रेसच्या फाईलीत समासात लिहिलेल्या खास सूचना. प्रत्येक क्लाउडच्या सूचना निराळ्या, लांबलचक आणि एका अक्षराच्या चुकीने निकामी होणाऱ्या असतात. चुकलेली सूचना कुणी नाकारत नाही, ती नुसती दुर्लक्षिली जाते. नमुना सातवर ‘ऊस’ऐवजी ‘उस’ लिहिले तर कारकून निदान खेकसतो तरी. संगणक सुसंस्कृत असल्याने गप्प बसतो.

समजा पत्ता आला. आता वाटपाचा प्रश्न. लोड बॅलन्सर मागणी वाटतो ती कधी क्रमवार पाळीने, कधी ज्याच्याकडे काम कमी त्याला अधिक अशा हिशेबाने. कालव्यावर यांतील पहिल्या रीतीला शेजपाळी म्हणतात, आणि तिच्यात पाणी टेलकडून हेडकडे, म्हणजे चारीच्या शेपटाकडून तोंडाकडे, द्यावे असा नियम आहे, कारण तोंडापासून सुरुवात केली तर शेपटाला काय उरते हे सर्वांना ठाऊक आहे. न्याय्य वाटपाविषयी या जिल्ह्याची मते पक्की असली तरी ती भूगोलानुसार बदलतात. चारीच्या टेलला बसून हेडवाल्यांच्या अन्यायावर तासभर बोलणारा गृहस्थ मराठवाड्यातील जायकवाडी धरणाचा विषय निघताच एका वाक्यात हेडवाला होतो, कारण गोदावरी खोऱ्यात नगर जिल्हा वर आणि मराठवाडा खाली आहे. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये या भांडणावर तोडगा सुचवला तो असा, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांनी खाली पाणी सोडावे.

ठरलेल्या वेळी ठरलेल्या आकड्याशी प्रकृती ताडून पाहण्याची हीच रीत लोड बॅलन्सरमध्ये हेल्थ चेक या नावाने चालते. फरक इतकाच की येथे १५ ऑक्टोबर दर काही सेकंदांनी येतो. लोड बॅलन्सर पॉडला विचारतो, ‘बरे आहे ना?’ आणि २०० या क्रमांकाचे उत्तर आले तरच तो त्याला काम देतो. पॉड धडधाकट असतो, पण त्याच्या मुख्य पानावर लॉगिनची सक्ती असल्याने तो विचारपूस करणाऱ्यालाच ‘आधी लॉगिन पानावर जा’ असे ३०२ क्रमांकाचे उत्तर देतो. लोड बॅलन्सर त्याला आजारी ठरवतो. दुसरा पॉडही तसाच निघतो, तिसराही, आणि काही क्षणांत सगळा क्लस्टर ठणठणीत प्रकृतीनिशी रुग्णालयात दाखल होतो. कधी विचारणा पोचतच नाही, कारण ज्या पत्त्यांवरून ती येते ते फायरवॉलच्या, म्हणजे जाळ्यावरील पहाऱ्याच्या, यादीत नसतात. प्रकृती विचारायला आलेल्या वैद्याला दारातून परत पाठवायचे आणि मग उपचार होत नाहीत म्हणून ओरडायचे, असा हा मामला असतो.

एक प्रकार मात्र खास अभ्यासण्याजोगा आहे. सुरक्षित जोडणीचे कुलूप लोड बॅलन्सर आपल्यापाशी उघडतो आणि आतल्या कंट्रोलरकडे मागणी साध्या, असुरक्षित रूपात पाठवतो. कंट्रोलर कडक शिस्तीचा असल्याने असुरक्षित मागणी पाहताच ‘सुरक्षित मार्गाने या’ असे सांगून ती परत फिरवतो. ग्राहकाचा ब्राउझर सुरक्षित मार्गाने पुन्हा लोड बॅलन्सरपाशी येतो, लोड बॅलन्सर पुन्हा कुलूप उघडून ती साध्या रूपात आत देतो, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तीन नंबरच्या खिडकीने पाचला आणि पाचने तीनला पाठवलेला माणूस जेवणाच्या सुट्टीपर्यंत फिरतो. ब्राउझर काही फेऱ्यांतच कंटाळून ‘फार वेळा वळवले गेले’ असे सांगून हात टेकतो. यंत्राला माणसापेक्षा आत्मसन्मान अधिक असल्याचा हा एक दुर्मिळ पुरावा होय.

बिघाड शोधण्याची वेळ दोन्ही क्षेत्रांत रात्रीचीच. पाळी रात्री आली की शेतकरी खांद्यावर फावडे आणि हातात बॅटरी घेऊन दारे धरायला जातो. एक वाफा भरला की मातीचा बांध फोडून दुसरा उघडायचा आणि पहिला लिंपायचा, एवढेच काम असते, पण ते उभ्या उसाच्या कडेने, आत बिबट्या असण्याची शक्यता मनात धरून, डुलकी न घेता करावे लागते. पाणी मध्येच तुटले तर तो चारीच्या कडेने वर चालत जातो आणि प्रत्येक दरवाजापाशी थांबून पाहतो की पाणी येथपर्यंत आहे का. अभियंत्याला रात्री अडीचला फोन येतो तेव्हा त्यानेही हेच करायचे असते: पॉड जिवंत आहे का, सर्व्हिसला तो दिसतो का, कंट्रोलरला सर्व्हिस दिसते का, लोड बॅलन्सरला कंट्रोलर दिसतो का. प्रत्यक्षात तो मध्येच कुठेतरी उडी घेतो, तीन जागी बदल करतो आणि त्यांतील कोणत्या बदलाने पाणी आले हे त्याला पुढे कधीच कळत नाही. दरम्यान ग्राहकाच्या पडद्यावर ५०२, ५०३, ५०४ असे आकडे येत असतात. पहिल्याचा अर्थ दरवाजाला आतून धड उत्तर मिळाले नाही, दुसऱ्याचा सेवा तूर्त उपलब्ध नाही, तिसऱ्याचा वाट पाहून वेळ संपली. तिन्हींचा एकत्रित अर्थ, दरवाजाच्या मते दोष आतला आहे.

या ‘आतला की बाहेरचा’ वादावर नगर जिल्ह्याने एक उत्तर फार पूर्वी काढले होते. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे असलेल्या, २६ टीएमसी साठवणीच्या मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर, मायनर क्रमांक ७ वर १९८० च्या दशकाच्या अखेरीस शेतकऱ्यांच्या सहकारी पाणीवाटप संस्थेचा प्रयोग सुरू झाला. त्याचे तत्त्व साधे होते. पाटबंधारे खात्याने मायनरच्या मुखाशी पाणी मोजून एकगठ्ठा संस्थेच्या ताब्यात द्यायचे, आणि आत कुणाला केव्हा किती द्यायचे हे संस्थेने ठरवायचे. मुखाशी मोजणी असल्यामुळे ‘आम्ही सोडले’ आणि ‘आम्हाला आले नाही’ ही दोन वाक्ये एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. अशा संस्थांना पुढे २००५ च्या राज्य कायद्याने सर्वसाधारण चौकट मिळाली. कुबरनेटीसच्या जगात हद्दींची अशी वाटणी गेटवे एपीआय या नव्या व्यवस्थेने केली: दरवाजाचा प्रकार क्लाउडवाल्याने पुरवायचा, दरवाजा क्लस्टर सांभाळणाऱ्याने उभारायचा, आणि आतील वाटा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवायच्या, तिघांचे कागद वेगळे. ही व्यवस्था पक्की होऊन बाहेर पडली ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे निळवंड्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले त्याच महिन्यात. संगणकाचे जग अतिशय वेगवान असल्याचा जो समज आहे तो या योगायोगाने थोडा सैल व्हावा.

जुना इनग्रेस अजून चालतो, पण त्यात नवी भर घालणे थांबले आहे. असंख्य क्लस्टरांचे दार धरणारा इनग्रेस-एनजिनएक्स हा लोकप्रिय कंट्रोलरही निवृत्त होत असून मार्च २०२६ नंतर त्याची देखभाल होणार नाही, असे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. कारण असे कळले की एवढ्या मोठ्या पसाऱ्याची निगा एक-दोन माणसे आपल्या फावल्या वेळात राखत होती. नगर जिल्ह्यातील वाचकाला यात आश्चर्य वाटणार नाही. टेलच्या पाटकऱ्याचे नाव मुखाशी बसलेल्या कुणाला कधी ठाऊक असते?

एका बाबतीत मात्र कालवा आणि क्लाउड यांची वाट वेगळी होते, ती म्हणजे वसुली. पाणीपट्टी थकते, सरकार सवलत देते, पुढच्या अर्जाच्या वेळी मागचा हिशेब निघतो आणि त्यावर बोलणी होतात. क्लाउडमध्ये क्लस्टर मोडला तरी त्याने मागून घेतलेला लोड बॅलन्सर पुष्कळदा मागे उरतो, कारण तो पाडायला सांगणारा मध्यस्थ क्लस्टरबरोबरच नाहीसा झालेला असतो. त्या दरवाजातून कुणी येत नाही, त्याच्या आत शेत नाही, पॉड नाही, सर्व्हिस नाही. तरीही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याचे भाडे डॉलरमध्ये, सेंटपर्यंत मोजून, बिनचूक हजर होते, आणि ते भरणाऱ्या लेखनिकाला हा दरवाजा कशाचा असे विचारायला कंपनीत कुणी उरलेले नसल्यामुळे तो खर्च दरवर्षी अंदाजपत्रकात दहा टक्के वाढीसह मंजूर होतो.